तुटक रेघेची वाट

माणूस भेटला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. भाऊ त्याच्या पायांकडे बघायचे. आमच्या कचेरीत कोणी नवा बदलून आला की बाकीचे त्याला नाव-गाव विचारत. भाऊ विचारत, "तुमचं पाऊल किती?" तो बिचारा गोंधळून आपल्या चपलांकडे बघायचा. मग भाऊ त्याला व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावत, पावलं मोजत आणि सांगत, "सव्वादोन फूट. चालंल. लक्षात ठेवा, कुठंपन उपयोगी पडतं."

शहापूरच्या मोजणीच्या कचेरीत ते मोजणीदार होते आणि मी ट्रेसर. म्हणजे ते उन्हातान्हात फिरून जमिनी मोजायचे आणि मी सावलीत बसून जुन्या नकाशांवर पारदर्शक कापड ठेवून काळ्या शाईने त्यांच्या नकला काढायची. मी नोकरीला लागले तेव्हा नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. माझं वय तीसच्या आत, त्यांचं पन्नाशीच्या पुढे. सगळे त्यांना भाऊ म्हणत. मोठे साहेबसुद्धा.

भाऊ खर्डीहून यायचे. गाडीने आसनगावपर्यंत आणि तिथून सायकलने. ही सायकल स्टेशनाबाहेरच्या एका सलूनवाल्याच्या भिंतीला टेकवलेली असे. तिला कुलूप नव्हतं, घंटी नव्हती आणि ब्रेकही असून नसल्यासारखेच होते. उतारावर भाऊ चप्पल रस्त्याला घासून थांबत. म्हणून चपलेला टायरचा तळ ठोकून घेतलेला. कचेरीत ते आले की आधी चपलेचा तो जाड आवाज यायचा.

शेतातून जाताना मोजणीदाराने पिकात पाय घातला तर कोणी काही बोलत नसे, सरकारी माणूस पडला. भाऊ मात्र बांधावरूनच जायचे, मग दुप्पट चालणं का होईना. एकदा किन्हवलीकडच्या एका शेतकऱ्याने सांगितलं होतं, "भाऊ, मधून या ना, भात कापलंय सगळं." तर म्हणाले, "आज कापलंय रे. पायाला सवय लागली की न कापलेल्यातपन जाईल." हद्दीचा दगड दिसला की वाकून त्यावरची माती हाताने झटकायचे. लग्नाला गेले तर मांडव पावलांनी मोजायचे. आम्ही वाशिंदला नवी खोली घेतली, तेव्हा वास्तुशांतीच्या दिवशी भटजी मंत्र म्हणत असताना भाऊ भिंतीच्या कडेने चालत होते. जेवायला बसल्यावर माझ्या नवऱ्याला हळूच म्हणाले, "हॉल एक पाऊल कमी भरतोय. पन प्रसाद चांगला झालाय."

माझा नवरा वाशिंदच्याच एका कारखान्यात होता. त्या दिवसापासून त्याचं आणि भाऊंचं जमलं. भाऊंची बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. रविवारी ते कुठे जातात याचा कचेरीत कोणालाच पत्ता नसे. एकदा मी सहज विचारलं तर म्हणाले, "पाण्यावर जातो. येता का? लेकीलापन आना. शहरात मोठी बाग झालीये, खाडीला लागून."

माझी लेक तेव्हा सहा वर्षांची होती. बाग म्हटल्यावर तिने रविवारपर्यंत आमचं डोकं खाल्लं.

तर आम्ही चौघं एका थंडीतल्या रविवारी त्या शहरात उतरलो. शहर नवंच होतं, सगळं सरळ आणि रुंद. मला वाटलं रिक्षा करू. भाऊ स्टेशनाबाहेरच्या सायकलवाल्याकडे गेले आणि तासाच्या बोलीवर तीन सायकली घेतल्या. एक लेडीज. मी म्हटलं, "भाऊ, मी साडीत!"

"शाळेत चालवायचात ना?"

"ती शाळेत. आता पंधरा वर्षं झाली."

"पाय विसरत नायत," ते म्हणाले. "बघूया तर खरं."

पहिल्या शंभर पावलांत मी दोनदा फूटपाथला धडकले. मग एकाएकी तोल सापडला. समोर मोकळा रस्ता, उजवीकडे खाडीचा खारा वास, पदर खोचलेला, आणि पुढे नवऱ्याच्या सायकलच्या दांडीवर बसलेली लेक मागे वळून वळून मला बघून खिदळत होती. सासर, नोकरी आणि लेक यांच्यात सायकल ही गोष्ट माझ्या आयुष्यातून निघून गेली होती आणि मला ते कळलंही नव्हतं. त्या सकाळचा वारा अजून कधी कधी माझ्या कानाला लागतो.

बागेच्या फाटकाशी पोचलो तर भाऊ थांबलेच नाहीत. "आधी भवतीनं," एवढंच ओरडले. त्यांचा नियमच होता, नव्या जागेला आधी बाहेरून वळसा घालायचा, मग आत शिरायचं. बाग प्रचंड होती. एका बाजूने हमरस्ता, दुसऱ्या बाजूने घरं आणि उरलेल्या लांबलचक बाजूने खाडी. खाडीच्या बाजूला मात्र वळसा पुरा झाला नाही. तिथे बागेची उंच भिंत थेट चिखलात आणि तिवरांच्या झाडीत उतरली होती. भाऊ सायकल थांबवून बराच वेळ त्या भिंतीकडे बघत उभे राहिले. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काय नाय. चला आत."

फाटकावरच्या पहारेकऱ्याने सायकली अडवल्या. "आत सायकल चालवायला बंदी आहे."

"चालवत नाय, चालवतोय," भाऊ म्हणाले.

"म्हणजे?"

"तिच्यावर बसून चालवत नाय. तिला हाताशी धरून चालवतोय. लहान पोराला चालवतात तशी."

पहारेकऱ्याला ते उलगडेपर्यंत भाऊ सायकल हाताने ढकलत आत निघूनही गेले. आम्ही दोघं मात्र मुकाट्याने आमच्या सायकली फाटकापाशी लावून आलो. परत आलो तेव्हा पाहिलं, पहारेकरी भाऊंच्या मागोमाग चालत होता आणि भाऊ त्याला त्याचं पाऊल मोजून दाखवत होते.

बागेत सगळं होतं. हिरवळ, होड्या, बदकं, कारंजी, पाण्याच्या कडेने जाणारी लांब फरसबंदी वाट. लोक बाकांवर बसून शेंगा खात होते. भाऊंनी आम्हाला बसू दिलं नाही. ते चालत होते आणि चालता चालता माझ्या लेकीला सांगत होते, "आता तू भातात हायस. हा बांध. आता उतर. आता मिठागर. पायाला खारट लागतंय का बघ." लेक चपला काढून खरंच पाय चाटायला निघाली. मग आम्हाला कळलं. पंचवीस वर्षांपूर्वी, नोकरीला नवीनच लागले असताना, हा सगळा किनारा भाऊंनी साखळीने मोजला होता. तेव्हा इथे शहर नव्हतं. गाव होतं, भातखाचरं होती, मिठागरं होती आणि भरतीचं पाणी अडवायला मातीचे बांध होते. कारंज्यापाशी उभे राहून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "इथं एक विहीर व्हती. गोड्या पान्याची. खाडी एवढी जवळ आणि पानी गोड. दुपारी तिथं बसून भाकर खायचो."

लेकीने विचारलं, "मग ती माणसं कुठे गेली?"

भाऊंनी होड्यांची तिकिटं देणाऱ्या खिडकीकडे बोट दाखवलं. "त्यातला एक तिथं बसलाय. ज्या जागी होड्या फिरतायत ना, ती त्याच्या आज्याची खाचरं."

तो माणूस भाऊंना ओळखत होता. तिकीट न घेता आम्हाला होडीत बसवायला निघाला. भाऊंनी तिकिटं काढली.

त्यानंतर वर्षभर आम्ही महिन्यातून एखादा रविवार त्या बागेत घालवू लागलो. दर वेळी सायकली, दर वेळी आधी बाहेरून वळसा, दर वेळी भिंतीपाशी भाऊंचं ते थांबणं. एकदा ओहोटी होती तेव्हा त्यांच्या थांबण्याचं कारण दिसलं. भिंतीच्या टोकाला, जिथे ती चिखलात संपत होती, तिथून पाच-सहा कोळिणी गुडघाभर गाळातून वाट काढत येत होत्या. डोक्यावर शिवल्या, म्हणजे चिखलातले शिंपले, आणि चिंबोऱ्यांच्या पाट्या. एका हाताने पाटी धरलेली, दुसरा हात भिंतीला. त्यातल्या साठीच्या एका बाईच्या पोटरीला फडकं बांधलेलं होतं आणि त्यातून रक्त झिरपत होतं.

भाऊ पुढे झाले. "मावशी, लागलं?"

"कालवांच्या शिंपीची धार लागली रं बाबा. ह्या भिंतीपायी. बाग नव्हती तवा आमी कोरड्या पायानं यायचो. सासू माझी त्याच वाटंनं गेली, तिची सासू तिथनंच." तिने पाटी उतरवली नाही, उभ्या उभ्याच बोलत राहिली. "आमी दार मागाया गेलो. तर म्हनतात, वाट व्हती कशावरून? कागद दाखवा. आता पायवाटेचा कागद कुनाकडं असतो रं?"

बायका निघून गेल्या. सायकल परत करताना भाऊ मला म्हणाले, "कागद हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खर्डीहून एक पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला कागद आणला. तरुणपणी त्या गावच्या नकाशाची त्यांनी स्वतःपुरती काढलेली कच्ची नक्कल. कसरीने चार ठिकाणी खाल्लेली. त्यावर गावठाणापासून खाडीपर्यंत एक तुटक रेघ होती. आमच्या नकाशांत तुटक रेघ म्हणजे पायवाट.

"मूळ नकाशा त्या तालुक्याच्या कचेरीत असनार," भाऊ म्हणाले. "पन शोधा म्हटलं तर कोन शोधनार? कुठल्या गठ्ठ्यात, कुठला नंबर, हे आपनच दाखवाया पायजे. ह्याच्यावरनं एक साफ नक्कल काढून द्याल? नवी बाग त्यात मी बसवतो. म्हंजे रेघ भिंतीला कुठं भिडते ते कळंल."

ते काम आमच्या तालुक्याचं नव्हतं. कचेरीचं कापड, कचेरीची शाई आणि कचेरीचा वेळ वापरून परक्या गावाचा नकाशा काढणं हे नियमात बसत नव्हतं. मला ते ठाऊक होतं आणि भाऊंनाही. मी तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून तो काढला. इतकी सुंदर नक्कल मी त्याआधी काढली नव्हती. उत्तर दाखवणारा बाण मी नेहमी जरा नाजूक काढायची, त्याच्या शेपटाला दोन पिसं. सगळी कचेरी त्यावरून माझा हात ओळखायची.

भाऊ तो नकाशा घेऊन रविवारी बागेच्या अधिकाऱ्याकडे गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. भाऊंना साहेब लोकांशी गोड बोलता येत नसे, ते अधिकाऱ्याला म्हणाले, "साहेब, खुर्चीतनं उठा आनि माझ्यासंगती चाला." अधिकारी चिडला. त्याने कार्ड मागितलं. नकाशाची छायाप्रत ठेवून घेतली आणि आमच्या कचेरीला पत्र धाडलं, तुमचा माणूस हद्दीबाहेर येऊन सरकारी नकाशे दाखवतो, हे कोणत्या अधिकारात?

आमच्या मोठ्या साहेबांनी दोघांनाही बोलावलं. टेबलावर ती प्रत होती. बाणाची दोन पिसं दारातूनही दिसत होती.

साहेबांनी मला विचारलं, "बाई, हे तुम्ही काढलंय?"

त्या महिन्यांत नवऱ्याचा कारखाना बंद होता. उघडेल की नाही, कोणी सांगत नव्हतं. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, आदेश कोणत्याही दिवशी येणार होता आणि त्यावर याच साहेबांचा शेरा लागणार होता. हे सगळं माझ्या मनात आलं, असं मी पुढे पुष्कळदा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तेवढा वेळच गेला नाही. प्रश्न संपायच्या आत माझं उत्तर बाहेर पडलं होतं.

"नाही साहेब."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "मीच काढलंय साहेब. कापडपन मीच घेतलं."

भाऊंच्या हाताने काढलेली रेघ म्हणजे पावसात गांडूळ गेल्यासारखी असे. साहेबांना ते चांगलं माहीत होतं. ते थोडा वेळ कागदाकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. लेखी द्या तसं."

भाऊंनी लेखी दिलं. त्यांना ताकीद मिळाली आणि निवृत्तीला दोनेक वर्षं राहिली असताना मुरबाडला बदली झाली. खर्डीहून मुरबाड म्हणजे गाडी, एसटी, पुन्हा चालणं. म्हणून ते तिथेच खोली घेऊन राहिले. जायच्या दिवशी त्यांनी सगळ्यांचा निरोप घेतला. माझ्या टेबलाशी येऊन "लेकीला सायकल शिकवा" म्हणाले आणि गेले. दोन आठवड्यांनी माझा कायम झाल्याचा आदेश आला. मी पेढे वाटले. स्वतः एकही खाल्ला नाही.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं होतं. तो मला बोलला नाही. एवढंच म्हणाला, "जाऊन भेट." तरी जायला मला सात-आठ महिने लागले. त्या काळात आम्ही बागेतही गेलो नाही. लेक विचारायची, मी काहीतरी कारण सांगायची.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी एकटीच मुरबाडला गेले. भाऊंची खोली एका भाताच्या गिरणीमागे होती. बाहेर दोरीवर धोतर वाळत होतं. मला बघून ते एवढे खूश झाले की मला आणखीच वाईट वाटलं. चहा टाकायला निघाले, मी म्हटलं, "भाऊ, मला आधी बोलायचंय."

"चालता चालता बोला. नदीवर जाऊ."

चपलांचा तो आवाज तसाच होता, फक्त जरा सावकाश. आपल्या अडीच फुटांच्या पावलात आता एक बोट कमी पडतं, असं त्यांनी आपणहून सांगितलं. जणू शेजाऱ्याची तक्रार सांगावी तसं. नदीकाठी करंजाच्या झाडाखाली आल्यावर मी थांबले. ते थांबले नाहीत, म्हणून मला त्यांच्या पाठीशी बोलावं लागलं.

"भाऊ, त्या दिवशी मी खोटं बोलले. माझ्यामुळे तुम्हाला इथे यावं लागलं."

ते आणखी दहाएक पावलं गेले. मग वळले.

"लागलं मला," ते म्हणाले. "नाय म्हननार नाय. चार दिवस लागलं. म्हटलं, ही असं कसं बोलली."

मी रडायला लागले. नदीवर धुणं धुणाऱ्या बायका बघत होत्या.

"मग म्हटलं, रेघ तर तिनंच काढली ना? तीन दिवस उपाशी बसून. ती काय खोटी झाली नाय. आनि तुमी हो म्हटलं असतं तर साहेबानं दोघांना धरलं असतं. एकात भागलं." ते जवळ आले आणि खांद्यावरचा पंचा पुढे केला. "डोळे पुसा. आता तुमाला एक सांगायचंय. दार झालं."

"कसलं दार?"

"भिंतीला."

मुरबाडहून ते दर रविवारी कल्याणची एसटी पकडून त्या शहरात जात राहिले होते. ताकीद मिळाल्यावर त्यांनी नकाशा हातात धरणं सोडलं. नुसते ओहोटीच्या वेळेला भिंतीच्या टोकाशी जाऊन उभे राहत आणि बायकांच्या पाट्या धरायला हात देत. आधी तो फाटकावरचा पहारेकरी आला मदतीला. मग तिकिटाच्या खिडकीतला माणूस. मग बागेत फिरायला येणारे दोन-तीन म्हातारे. अर्धी बाग तिथे जमते म्हटल्यावर अधिकाऱ्यालाही एकदा बघायला यावं लागलं. भाऊंनी त्याला काही सांगितलं नाही. मावशीची पाटी घेतली आणि त्याच्या हातात दिली. तो ती घेऊन, पॅंट गुडघ्यापर्यंत वर करून, भिंतीच्या कडेने वीस पावलं चालला. एकविसाव्याला पडला.

"मऊ चिखल व्हता, लागलं नाय त्याला," भाऊ म्हणाले. "पन शिवल्या सगळ्या सांडल्या. मावशीनं असं काय झापलं त्याला! मग त्यानंच मला विचारलं, मूळ नकाशाचा नंबर काय म्हनालात? शोधला त्यानं. निघाला. रेघ जशीच्या तशी."

"आणि दार?"

"लहान हाय. पाटी जराशी वाकडी करून न्यावी लागते. पन कोरड्या पायानं जातात."

संध्याकाळच्या एसटीपर्यंत आम्ही चालत होतो. त्यांनी मला नदीच्या दोन्ही काठांनी फिरवलं, पूल लांब होता तरी. परत निघताना त्यांनी उकडे तांदूळ बांधून दिले. मी कचेरीत जाऊन साहेबांना खरं सांगू का, असं विचारलं तर म्हणाले, "आता कशाला? त्यांना तवापन ठाऊक व्हतं." तरी मी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी. साहेब फाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "माहीत आहे. बाण फार छान काढता तुम्ही." पुढे माझ्या हातून जितके नकाशे झाले त्यांतला एकही मी हे वाक्य आठवल्याशिवाय काढू शकले नाही.

भाऊ निवृत्त होऊन खर्डीला परतले. त्यानंतर वर्षातून एखादी भेट व्हायची. लेक सायकल शिकली, ती त्यांनीच शिकवली, वाशिंदच्या शाळेच्या मैदानात, सीटला हात न लावता, नुसतं बाजूने चालत आणि "बघूया तर खरं" म्हणत. मग भेटी कमी झाल्या. माझी बदली झाली, सासूबाईंचं दुखणं आलं. कारखाना उघडला, पुन्हा बंद पडला, नवऱ्याने दुसरीकडे काम धरलं. कचेरीत संगणक आले आणि माझं कापड, शाई, टाक सगळं एका पेटीत गेलं. भाऊ गेल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं. भातकापणी चालू होती, दुपारी बांधावर बसले ते उठले नाहीत, असं त्यांच्या पुतण्याने सांगितलं.

लेकीला कॉलेजला त्याच शहरात प्रवेश मिळाला. नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली होती. फॉर्म भरून झाले आणि ती म्हणाली, "आई, बागेत जाऊ या?" स्टेशनाबाहेरचा सायकलवाला राहिला नव्हता. पण बागेतच आता सायकली भाड्याने मिळत होत्या, त्यांच्यासाठी वेगळी वाट आखलेली. आम्ही दोघींनी एकेक घेतली. या वेळी मी ड्रेसमध्ये होते. लेक पुढे, मी मागे, पाण्याच्या कडेने. ती ओरडून सांगत होती, "आई, आता भातात! आता बांध! आता मिठागर!" तिला सगळं पाठ होतं.

भिंतीपाशी आल्यावर आम्ही उतरलो. दार खरंच लहान होतं, लोखंडी, निळा रंग उडालेला. तिथे टेकून बसलो तेवढ्यात पलीकडून बायका आल्या. पाट्या वाकड्या करून एकेक आत शिरली. सर्वांत शेवटी ती मावशी होती. आता पाटी तिच्या सुनेच्या डोक्यावर होती आणि ती नुसती हातात काठी घेऊन आलेली. तिने मला ओळखलं नाही. लेकीलाही नाही. मी म्हटलं, "मावशी, ते शहापूरचे मोजणीदार, पायात टायरच्या चपला…"

"गो बाय!" तिचा चेहरा उजळला. "तुमी त्यांच्या का? लय दिवस आले नाय. कसं हायत?"

मी सांगितलं.

ती दारातच खाली बसली. सुनेला म्हणाली, तू हो पुढं. मग सुनेला पुन्हा हाक मारली, पाटीतून दोन ओंजळी शिवल्या काढायला लावल्या आणि माझ्या ओढणीच्या टोकात बांधल्या. मी नको नको म्हणत होते. "त्यांच्या नावानं शिजव," ती म्हणाली. "त्यांनी कवा एक घेतली नाय माझ्याकडनं." मग एकदम थांबली.

"नाव काय गो व्हतं त्यांचं? एवढी वर्सं आली-गेली, मी कवा इचारलंच नाय."

मी त्यांचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. ओढणीतून खारं पाणी माझ्या हातावर गळत होतं. तिने ते नाव दोनदा हळूच म्हणून पाहिलं. मग काठीवर भार देऊन उठली आणि पुढे गेलेल्या बायकांना मोठ्याने हाक मारून ते सांगत, त्यांच्या मागे निघाली.